दूध संस्थेचं बिल आणि एसक्यूलाइट

एसक्यूलाइट म्हटलं की आमच्या धंद्यातले बरेच जण नाक मुरडतात. "ते होय, मोबाईलमधलं खेळणं!" आता हे खेळणं रिचर्ड हिप या माणसाने २००० साली लिहायला घेतलं ते अमेरिकन नौदलाच्या विनाशिकेवरच्या सॉफ्टवेअरचं काम करताना. तिथे डेटाबेसचा सर्व्हर बसला की याचा प्रोग्राम नुसता हात चोळत बसायचा. मग सर्व्हरच कशाला, थेट फाइल वाचू की, असं त्याला वाटलं. आज ते प्रत्येक अँड्रॉइड फोनात आहे, आयफोनात आहे. असो. हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझ्या मामांची दूध संस्था.

मामा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. मध्यंतरी त्यांचा फोन आला.

"अरं, धा दिवसाचं बिल काढाय गेलं की वीस-वीस मिनिटं कॉम्प्युटर नुसता फिरतोय. माणसं दारात उभी. ते सॉफ्टवेअरवालं म्हणतंय डेटाबेस ल्हान पडला, जुनी वर्षं उडवा, न्हाईतर मोठा सर्व्हर घ्या. तुझंच काम न्हवं हे? बघ की जरा."

सर्व्हरचा खर्च सभासदांच्याच खिशातून जाणार, ते एक वेळ बाजूला ठेवू. पण जुनी वर्षं उडवा? कुणी कधी किती दूध घातलं, फॅट किती लागली, ही नोंद म्हणजे त्या माणसाचा एकमेव पुरावा. दिवाळीचा फरक तिच्यावर मिळतो, आणि दोन-तीन वर्षांपूर्वीच्या दुधावरून भांडणंही निघतात. ती पुसायची कशासाठी, तर बिल हळू निघतं म्हणून!

शनिवारी गाडी काढली आणि गेलो.

सभासद ४००. सकाळ-संध्याकाळ मिळून माणशी वर्षाला ७३० नोंदी. पाच वर्षांच्या झाल्या १४ लाख ६० हजार. फाइल जेमतेम १०० एमबीची. याला 'डेटाबेस लहान पडला' म्हणणारा माणूस एक तर सर्व्हर विकत असणार किंवा त्याने फाइल उघडून पाहिली नसणार.

सॉफ्टवेअर लिहिणारा पोरगा मात्र भला निघाला. त्याने फोनवर क्वेरी वाचून दाखवली. मी प्रोग्राम बंद करून फाइलची कॉपी काढली, कमांड लाइनवर ती उघडली आणि त्या क्वेरीच्या आधी तीन शब्द लावले: एक्सप्लेन क्वेरी प्लॅन. मंडळी, एसक्यूलाइट हळू चालतंय अशी तक्रार करणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी हे तीन शब्द कधी लिहिलेले नसतात असं माझं मत आहे. उत्तर एका ओळीत येतं. 'सर्च' आलं तर इंडेक्स धरून नेमक्या जागी गेला. 'स्कॅन' आलं तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळं वाचत गेला.

इथे 'स्कॅन' होतं. म्हणजे एका सभासदाचं बिल काढायला १४ लाख ६० हजार ओळी वाचायच्या, मग दुसऱ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून. ४०० सभासदांचे झाले ५८ कोटी ४० लाख. हे काम ते जुनाट मशीन वीस मिनिटांत उरकत होतं, याबद्दल खरं तर त्याचा सत्कारच करायला हवा!

सभासद क्रमांक आणि तारीख असा दोन रकान्यांचा एक इंडेक्स केला. काही सेकंदांत तयार झाला. आता प्रत्येकासाठी फक्त त्याच्याच ३,६५० ओळी. बिलं पाच-सात सेकंदांत निघाली.

तरी अजून अर्धंच काम झालं होतं. क्वेरीत तारखेचे तुकडे पाडून महिना आणि दिवस जुळवलेला होता. रकान्यावर असं फंक्शन चढवलं की इंडेक्समधली तारीख शोधायला उपयोगी पडत नाही, कारण इंडेक्समध्ये आहे ती अख्खी तारीख, तिचे तुकडे नव्हेत. नशिबाने तारखा वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने साठवलेल्या, म्हणजे सरळ 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' विचारता येतं. दिवस आधी लिहिला असता तर बोंब होती. पोराने पुढच्या आवृत्तीत तेवढं बदललं. आता माणशी २० ओळी, सगळ्यांच्या मिळून ८,०००.

मग दरपत्रक. फॅट ३ ते १०, एसएनएफ ७.५ ते ९.५, दोन्ही ०.१ च्या पायरीने, म्हणजे १,४९१ ओळी. दर बदलला की त्या एकेक करून भरल्या जात, आणि प्रत्येक ओळ म्हणजे वेगळं ट्रान्झॅक्शन. दरवेळी डिस्कवर खरंच लिहिलं गेल्याची खात्री होईपर्यंत थांबायचं. ७२०० आरपीएमच्या डिस्कवर अशी सेकंदाला साधारण ६० ट्रान्झॅक्शन होतात. सुरुवातीला बिगिन, शेवटी कमिट. पंचवीस सेकंदांचं काम एका सेकंदाच्या आत.

सेल्सवाल्याचा यावर उपाय होता 'सिंक्रोनस' बंद करण्याचा. वेग मिळतो, खोटं नाही. पण लिहिता लिहिता लाईट गेली तर फाइलच बिघडू शकते, आणि आमच्या गावात लाईट कधी जाईल ते महावितरणही सांगू शकत नाही. काट्यावर दूध घालणाऱ्या प्रत्येकाची नोंद वेगळी कमिट होते, ती तशीच राहू दिली. तिथे तो थांबा हवाच.

निघताना ऑपरेटर म्हणाला, "सर, कुऱ्हाडे शोधलं की निम्मेच घावतात." यात वेगाचा संबंध नव्हता. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं: एकसंध, किंवा 'र' आणि खाली नुक्ता. डोळ्यांना दोन्ही सारखेच. एसक्यूलाइट बाइट जुळवून बघतं, त्याच्या लेखी हे दोन वेगळे कुऱ्हाडे. सगळी नावं एका पद्धतीची करून घेतली. त्यात दोघा कुऱ्हाड्यांची दोन-दोन खाती निघाली, कारण नाव सापडत नाही म्हणून कुणीतरी नवीन उघडून दिलेली. ते आता मामा निस्तरतायत.