फडाच्या मागोमाग

मनुष्याला एखादा नाद असावा. मात्र तो शेजाऱ्यांना सांगता येण्याजोगा असावा. क्रिकेटचा नाद सांगता येतो, नाटकाचा सांगता येतो, गाण्याच्या बैठकींचा तर मिरवताही येतो. पण लोणावळ्यात राहणारी, कॉलेजात मराठी शिकवणारी, चाळिशी ओलांडलेली बाई चैत्राच्या रात्री तमाशाच्या फडामागून हिंडते, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? आमच्या ह्यांनी त्यावर तोड काढली. कोणी विचारले की ते गंभीर चेहऱ्याने सांगत, "तिचे संशोधन चालू आहे." सासूबाईंनी मात्र एवढेच विचारले, "रात्री निजायची सोय काय?"

तसे पाहिले तर मी जगावेगळे काहीच करीत नव्हते. अमेरिकेत ग्रेटफुल डेड नावाच्या रॉक बँडमागे त्याचे भक्त वर्षानुवर्षे गावोगाव फिरत. त्यांना डेडहेड असे नावच पडले होते. आपल्याकडे तरी काय निराळे? माझे विद्यार्थी होनाजी बाळा हा एकच इसम समजतात. वास्तविक होनाजी शिलारखाने कवने रची आणि बाळा करंजकर ती गाई. दोघांची नावे जोडूनच फड ओळखला गेला. आजच्या भाषेत तो बँडच की!

पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ. तीन खोरी, तीन जत्रा, तीन रात्री असा माझा बेत होता. फड नारायणगावचा, विठाबाईंच्या गावचा. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, घासाघीस होते आणि सुपारी ठरते. मग ट्रक निघतात. चाकणवरून तळेगाव गाठले की मावळ सुरू झाला.

मला जागा मिळाली ती बायकांच्या राहुटीत, एका पत्र्याच्या पेटीवर. समोरून पाहिला तर तमाशा म्हणजे रंग, घुंगरू आणि शिट्ट्या. मागून पाहिला तर तो एक भला मोठा प्रपंच आहे. तीन दगडांची चूल, पेटीआड निजवलेले तान्हे मूल, घुंगरांनी काळवंडलेले घोटे, आणि हिशेबाची वही मांडीवर घेऊन बसलेली मालकीण. तिला सगळे अक्का म्हणत.

नवल वाटले ते सोंगाड्याचे. संध्याकाळी ट्रक थांबला की तोंडाला रंग लावण्याआधी हे गृहस्थ गावात फेरी मारून येत. चहाच्या टपरीवर बसत, पारावर बसत, न्हाव्याच्या दुकानात तर दाढी नसली तरी बसत. काय पिकले, कोणाची जमीन कोणी घेतली, सरपंच बाप्या की बाई, सगळे विचारून घेत. रात्री गण झाला, गौळण झाली, की बतावणीत हा सगळा मुद्देमाल गावाला साभार परत मिळे.

पवन मावळात ते म्हणाले, "धरण आमच्या दारात, अन् पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळात!" वाक्य साधे होते. पण ते पाणी बंद नळातून नेण्याच्या योजनेविरुद्धच्या आंदोलनात २०११ साली पोलिसांच्या गोळीबाराने तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले आहेत. क्षणभर कनातीत सामसूम झाली. मग मागल्या रांगेतला एक म्हातारा मोठ्याने हसला आणि त्याच्यामागून सारा गाव हसला. त्या हसण्यात कितीतरी वर्षांचे साठलेले होते. दुसऱ्या रात्री नाणे मावळात ते वाक्य औषधालाही नव्हते. तिथे ऐकू आले, "भात लावायला माणूस मिळंना, अन् बंगलं आपोआप उगवत्यात!"

तिसऱ्या रात्री आंदर मावळात गर्दी निम्मीच होती. जवळच्याच गावात डीजे लावला होता. अक्का वहीतून मान वर न करता म्हणाली, "कोरोनाची दोन सालं जत्राच बंद. तवापासनं तारखा कमीच हायत, बाई. आता एक गाणं रेकॉर्ड करायचं म्हनतोय. मोबाईलवर लोक बघतील, फडाचं नाव राहील."

पावसाळ्यात फड बंद असतो. श्रावणात पुण्याच्या एका स्टुडिओत गाणे व्हायचे ठरले आणि लोणावळा लोकलने मीही जाऊन हजर झाले. भिंतींना स्पंज, मध्ये जाड काच. ढोलकी एका खोलीत, गाणारी दुसऱ्या खोलीत. ज्याने त्याने आपला भाग निराळा वाजवायचा आणि यंत्राने तो जुळवायचा. ढोलकीवाल्याच्या कानात ठेका धरणारी टिकटिक सोडली होती. अर्ध्या तासाने कानावरचे काढून तो म्हणाला, "ह्याला जोर नाय, बाई. मी चढतोय, पन ह्ये चढतच नाय."

मग सोंगाड्याची पाळी आली. दोन मिनिटांची बतावणी भरायची होती. त्यांनी माइककडे पाहिले, काचेकडे पाहिले आणि ध्वनिमुद्रकाला अदबीने विचारले, "सायब, ऐकनारं गाव कुठलं?"

"सगळीकडे ऐकतील की."

"सगळीकडं म्हंजी कुठं?"

त्याला उत्तर नव्हते. सोंगाड्याने मग नवरा-बायकोच्या भांडणाची, कोणत्याही गावाला चालेल अशी बतावणी केली. ती चांगली झाली. आम्ही कोणी हसलो नाही, कारण हसण्याचा आवाज आत जाईल असे बजावलेले होते.

परतीच्या लोकलमध्ये मला बीटल्स आठवले. प्रेक्षकांच्या किंकाळ्यांत स्वतःचे वाजवणेही ऐकू येईना, म्हणून १९६६ साली त्यांनी दौरे बंद केले आणि ते स्टुडिओतच रमले. १९६८ च्या जानेवारीत जॉर्ज हॅरिसनने तर मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केले. त्यांना गाव सोडणे परवडले. फडाला ते कसे परवडावे? त्याचे पोट जत्रेवर, आणि तोंडचा शब्दही जत्रेतूनच उचललेला. ध्वनिमुद्रित तमाशा म्हणजे पत्ता न घातलेले पत्र. पोचते सगळ्यांना, पण येत नाही कोणालाच. छापील लावणीचेही तसेच. हल्ली वर्गात लावणी शिकवताना मी मुलांना आधी विचारते, "ही कोणापुढे उभे राहून म्हटली असेल?" अर्थ त्यानंतर.

गाणे निघाले आणि पुष्कळांनी पाहिले. पुढच्या पाडव्याला मी नारायणगावच्या राहुटीत बसले असताना मावळातलेच एक पंच आले. मोबाईल पुढे धरून म्हणाले, "ह्ये तर फुकाट दिसतंय, अक्का. मंग एवढं पैसं कशाचं?"

अक्का गप्प राहिली. कोपऱ्यात बसलेल्या सोंगाड्याने सुपारी कातरता कातरता विचारले, "गाव कुठलं म्हनला, पाव्हणं? अन् यंदा भात कसा झाला?"

पंच सांगू लागले. भातावरून जमिनीवर आले, जमिनीवरून भाऊबंदकीवर. दोनदा चहा झाला. मोबाईल केव्हाच खिशात गेला होता. निघताना त्यांनी तारीख पक्की केली. रक्कम किती ठरली, ते मात्र अक्काने मला सांगितले नाही.