मांडीवरचा व्रण

आमच्या आईच्या उजव्या मांडीवर, गुडघ्याच्या थोडा वर, बाहेरच्या अंगाला चार बोटे लांबीचा एक पांढुरका व्रण होता. रगड्यावर वाटण वाटायला ती बसली की लुगड्याचा काठ सरकून तो आमच्या दृष्टीस पडे. लहानपणी आम्ही पुष्कळदा विचारले. "विहिरीच्या पायरीवर पडले होते," यापलीकडे उत्तर मिळाले नाही. पुढे आम्हीही विचारणे सोडून दिले.

१९७६ साली आम्ही हुबळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झालो. खरे सांगावयाचे तर वैद्यकाची ओढ अशी काही नव्हती. गुण मिळाले होते, बेळगावहून हुबळी जवळ होती आणि घरात एक तरी डॉक्टर व्हावा अशी वडिलांची इच्छा होती. पहिले काही महिने फॉर्मलिनच्या वासाने अन्न जाईना. हे सारे सोडून बँकेत चिकटावे, असा विचार मनात घोळत होता. अशात शवविच्छेदनात मांडीची पाळी आली. कातडी व चरबी बाजूला सारल्यावर खालून एक पांढरेशुभ्र, चकाकणारे आवरण निघाले. त्यास 'फॅशिया लाटा' म्हणतात. बाहेरच्या अंगाला ते इतके चिवट असते की बोटांनी ओढून फाटत नाही. शिकविणारे गृहस्थ जाता जाता म्हणाले, "मुंबईचे डॉक्टर शिरोडकर याचीच पट्टी काढून गर्भाशयाचे तोंड बांधीत असत." त्यांनी चिमट्याने जागा दाखविली. ती जागा आम्हांस ओळखीची होती.

त्या शनिवारी घरी गेलो. आई रगड्याशीच बसली होती. "आई, तिथून पट्टी काढली होती ना?" असे विचारताच तिचा हात थांबला. मग तिने जे सांगितले, ते इतकी वर्षे तिने आम्हां मुलाजवळ उच्चारले नव्हते.

आमच्या आधीचे चार गर्भ पाचव्या महिन्यात गेले होते. फारसे दुखणे नाही, ताप नाही. एखाद्या दिवशी अचानक सारे संपून जाई. घरात कोणी टोचून बोलत नसे, पण शेजारच्या डोहाळजेवणांचे आमंत्रण तिला येईनासे झाले होते. आमची कुलदेवता शिरोड्याची कामाक्षी. (हे शिरोडे गोव्याच्या फोंडे महालातले; वेंगुर्ल्याजवळच्या मिठागरांच्या गावाशी त्याचा घोटाळा होऊ नये.) एकदा देवीपुढे जाऊन कौल घ्यावा, असा आजीचा धोशा होता. परंतु ऑगस्ट १९५५ मध्ये पोर्तुगीजांनी सत्याग्रह्यांवर गोळ्या झाडल्या, सरहद्द बंद झाली आणि कॅसलरॉकहून घाट उतरून जाणारी आगगाडी थांबली. बेळगावपासून काही तासांवरची देवी अशी परक्या मुलखात जाऊन बसली. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी ही आठवण अजून असेल.

१९५८ साली आईस पुन्हा दिवस गेले, तेव्हा वडिलांनी कोणाचे न ऐकता तिला मुंबईस नेले. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ साली मद्रासच्या 'अँटिसेप्टिक' या मासिकात आपली शल्यक्रिया प्रसिद्ध केली होती. काही स्त्रियांत गर्भ निर्दोष असतो, पण गर्भाशयाचे मुख दुबळे असते आणि भार वाढला की ते आपोआप उघडते, असे त्यांचे निदान होते. मग ते बांधून का टाकू नये? मूत्राशय हलकेच वर सारून, आतल्या मुखाच्या पातळीवर ती पट्टी सभोवार ओवायची आणि आवळून शिवायची. पुढे १९५७ साली ऑस्ट्रेलियाच्या इयन मॅक्डॉनल्ड यांनी याहून सोपी रीत दिली. आज बहुतेक ठिकाणी तीच चालते आणि मांडी चिरण्याची गरज उरलेली नाही. आईची शल्यक्रिया मात्र मूळ पद्धतीने, त्यात तयार झालेल्या एका सर्जनच्या हातून झाली. १९५९ च्या आरंभी आम्ही जन्मास आलो.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढल्याच वर्षी एका अमावास्येला आम्हांस कडेवर घेऊन आईने शिरोड्यास देवीची ओटी भरली. डॉक्टर शिरोडकरांचा जन्म १८९९ साली त्याच गावी झाला होता, हे तिथे कोणीतरी सांगितले. आजी तात्काळ म्हणाली, "देवीन आपल्याच गांवचो मनीस मुंबय धाडिल्लो!" वडिलांचे म्हणणे असे की त्यांना मुंबईस धाडले ते ग्रँट मेडिकल कॉलेजने आणि इंग्लंडास धाडले ते एफ. आर. सी. एस. च्या परीक्षेने. हा वाद आजी असेपर्यंत मिटला नाही.

त्या शनिवारनंतर बँकेचे नाव आम्ही काढले नाही. शिरोडकरांचे १९६० सालचे पुस्तक ग्रंथालयात बसून वाचले. त्यांचे शालेय शिक्षण हुबळीतच झाले हे कळल्यावर त्या धुळकट रस्त्यांविषयी उगाच आपलेपणा वाटू लागला. त्यांस भेटणे मात्र नशिबी नव्हते. १९७१ सालीच ते गेले होते.

स्त्रीरोगशल्यक्रियेचे शिक्षण संपवून सीमाभागातील एका तालुक्याच्या गावी आम्ही बसलो. स्वतंत्रपणे घातलेला आमचा पहिला टाका फसला. बाई पाचव्या महिन्यात आली होती, मुख उघडले होते, पिशवी खाली उतरली होती. अशा वेळी हात आवरावा, हे आम्हांस ठाऊक होते. तरी आम्ही टाका घातला, कारण आमच्या डोळ्यांपुढे ती बाई नव्हतीच. आमची आई होती. तिसऱ्या दिवशी मूल गेले आणि तिला जंतुसंसर्गाचा ताप भरला. ती वाचली. तिच्या सासूने आम्हांस नमस्कार केला, तो आजही सहन होत नाही.

१९९३ साली १,२९२ स्त्रियांवरील एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सरसकट पाहता सुमारे पंचवीस टाक्यांमागे एकीचीच फार अवेळी होणारी प्रसूती टळली. तीन वा अधिक वेळा अवेळी प्रसूती किंवा गर्भहानी झालेल्या स्त्रियांत मात्र तेहतीस आठवड्यांआधीच्या प्रसूतीचे प्रमाण शेकडा ३२ वरून १५ वर आले होते. तो अहवाल आम्ही रात्री दोनदा वाचला. आई त्या दुसऱ्या गटातली खरी. तरीही त्या गटात टाक्यावाचूनही पुष्कळजणींचे दिवस पुढे गेले होते. आमचा जन्म टाक्यामुळे की टाका असतानाही केवळ दैवाने, हे आम्हांस कधीच कळणार नाही. त्यानंतर आम्ही टाके कमी घातले, आणि घातले ते वेळेवर घातले.

२००१ साली आईचे खुब्याचे हाड मोडले. शल्यक्रियेआधी मांडी धुताना तरुण डॉक्टर थबकला आणि म्हणाला, "आज्जी, ही कसली जुनी खूण?" गुंगीचे औषध चढत होते. तिने मान वळवून आमच्याकडे बोट केले, आणि म्हणाली, "हा."