नातवाचें नांव

गेल्या महिन्यांत आमच्या नातवाचें बारसें ठरलें. चार दिवस आधीं सूनबाईंनीं विचारलें, "अण्णा, 'इवान' नांव कसं वाटतं? मूळ संस्कृत आहे म्हणतात. ईश्वराची कृपा, असा अर्थ दिला आहे." जन्मभर संस्कृत शिकविलेल्या आम्हांस हा शब्द अपरिचित! आपट्यांचा कोश काढला. तेथें त्याचा मागमूस नव्हता. "असा शब्दच संस्कृतांत नाहीं," आम्हीं चढ्या आवाजांत निकाल दिला. सूनबाई मुकाट्यानें आंत गेल्या.

पुढें शोध करतां जें आढळलें त्यानें आमचा ताठा उतरला. शब्द संस्कृत नव्हे हें खरें. परंतु अर्थ बरोबर होता! 'इव्हान' हें इंग्रजांच्या 'जॉन'चें रशियन रूप. दोहोंचें मूळ हिब्रू 'योहानान', म्हणजे यहोवानें कृपा केली. ग्रीक-लॅटिनांतून हें नांव युरोपभर पसरलें. जर्मनांचा योहान, फ्रेंचांचा जाँ, स्पेनमधला हुआन, सारे एकाच धातूचे. रोमला धडकी भरविणाऱ्या हॅनिबलच्या नांवांतही हीच कृपा आहे. देव मात्र निराळा, बाल. आणखी एक गंमत वाचकांस सांगावीशी वाटते. आपल्या वैयाकरणांना उदाहरणासाठीं कोणी मनुष्य हवा असला कीं ते देवदत्ताला उभा करतात. इंग्रजी कायद्यानें त्याच कामीं 'जॉन डो' राबविला.

आतां या नांवाची माणसें. पहिलाच भेटला तो रशियाचा झार चौथा इव्हान. त्यानें १५८१ सालीं रागाच्या भरांत पोटच्या मुलावर प्राणघातक प्रहार केला. त्या मुलाचें नांवही इव्हानच! हें ऐकून आमच्या कुटुंबानें कानांवर हात ठेवले. परंतु कादंबरीकार तुर्गेन्येव्ह इव्हानच, पचनक्रियेच्या संशोधनासाठीं १९०४ चें नोबेल पारितोषिक मिळविणारा पाव्हलॉव्हही इव्हानच. आमचें मन वळलें तें मात्र इव्हान मिनायेव्ह (१८४०–१८९०) या पंडितामुळें. दूर रशियांत राहून त्यानें पालि भाषेचें व्याकरण लिहिलें, हिंदुस्थानांत प्रवास केला. आम्हीं रशियन भाषेचें एक अक्षरही कधीं गिरविलें नाहीं.

बारशाच्या आदल्या रात्रीं हें सारें सूनबाईंना सांगितलें, आणि आवाज चढविल्याबद्दल वाईट वाटतें, हेंही सांगितलें. त्या हंसून म्हणाल्या, "मग तुम्हीच सुचवा, अण्णा." संस्कृतांत कृपेला 'प्रसाद' म्हणतात, पाळण्यांतलें नांव तेंच ठेवलें. हांक मात्र सारें घर 'इवान' अशीच मारतें, आम्हीही.