कोटीतला एक फोटॉन

परवाचा रविवार शिरूरला आईकडे होतो. लेकीला खोकला, आणि सिरपची बाटली हातात घेऊन नुसता बसलेला मी! ऑक्टोबर 2025 मध्ये छिंदवाडा जिल्ह्यात भेसळीच्या सिरपने लहान मुलं गेली, तेव्हापासून बाटली उघडताना हात थांबतो.

त्यातलं विष म्हणजे डायएथिलीन ग्लायकॉल. दिसायला थेट ग्लिसरीनसारखं: रंगहीन, दाट, चवीला गोडसर. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच मिसळलेल्या ग्लिसरीनने 14 रुग्ण दगावले होते. पुढे लेंटिन आयोग नेमावा लागला.

शाळेतला एक मित्र कुरकुंभ एमआयडीसीत औषधांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. दुपारी बाईक काढली. न्हावरे, मग पारगावला भीमा ओलांडली की दौंड तालुका. चौफुला, पाटस, कुरकुंभ. टपरीवर चहा सांगितला आणि थेट विचारलं, "तुम्ही ओळखता कसं रे?"

"रामन! काचेच्या बाटलीतूनच लेझर मारायचा. विखुरलेला बहुतेक प्रकाश लेझरच्याच रंगाचा असतो. साधारण कोटीत एखादा फोटॉन रंग बदलून येतो. रेणू कुठला, ते तोच सांगतो."

म्हणजे कोटीभर ओळींची लॉग फाइल, सगळ्या सारख्या, आणि कामाची ओळ एकच! मग ग्रेप मायनस व्ही कुठे लावायचं?

"होलोग्रॅममध्ये," तो म्हणाला. जिलेटिनच्या थरात दोन लेझर किरण एकत्र आणून सूक्ष्म पट्ट्यांची चळत उमटवायची. ही चळत बरोब्बर लेझरचाच रंग परत फिरवते (दहा लाखांत जेमतेम एक भाग निसटतो) आणि शेजारचे रंग सोडून देते. मग ग्रेटिंग त्यांची वाटणी करते. 1990 च्या सुमारास हे फिल्टर आले. त्याआधी दोन-तीन मोनोक्रोमेटर एकापुढे एक जोडायचे, यंत्र टेबलभर! आता बऱ्याच यंत्रांत काचेवर पातळ थर चढवलेले फिल्टर असतात, पण काम तेच. 1928 साली कोलकात्यात रामन यांनीही सूर्यप्रकाश आणि रंगीत फिल्टरच वापरले होते.

"आणि गंमत बघ, कॅप्सूलचं कवचही जिलेटिनचंच."

"म्हणजे आता काळजी नको?"

तो हसला नाही. "ड्रममध्ये भलतंच काही असेल तर काही सेकंदांत कळतं. पण अर्धा टक्का मिसळलं असेल तर रामनला दिसेलच असं नाही. त्याला गॅस क्रोमॅटोग्राफी. आणि यंत्र कुठलंही असू दे, प्रत्येक ड्रमला लावलं तरच ना!"

घरी पोचलो तेव्हा आईने हळदीचं दूध पाजून लेकीला झोपवलं होतं. बाटली तशीच कपाटात.

असो. उद्या सोमवार. टेस्ट न चालवता रिलीज करायची घाई ऑफिसात असणारच. या वेळी नाही म्हणणार आहे.