बँकरच्या खिडकीतला हात : एका थरथरत्या चित्रफितीचे वाचन

थळ घाटाविषयीच्या या धाग्यांत आजवर आपण रूळ, पूल आणि बोगदे पाहिले. आजचे साधन वेगळ्या जातीचे आहे : अकरा मिनिटांची, अखंड थरथरणारी एक घरगुती चित्रफीत. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आधी भूमी समजून घेऊ. जीआयपी रेल्वेचा मार्ग १८६१ च्या जानेवारीत कसाऱ्यापर्यंत आणि १८६५ च्या जानेवारीत घाट चढून इगतपुरीपर्यंत पोहोचला. या दोन स्थानकांमधले अंतर सुमारे १६ किलोमीटर, आणि तेवढ्यात चढ सुमारे ३०० मीटरचा. सर्वांत तीव्र जागी ३७ फूट पुढे जाताना रूळ एक फूट वर चढतात. रस्त्याला हा उतार किरकोळ वाटेल. लोखंडी रुळांवर धावणाऱ्या लोखंडी चाकांना तो फार आहे. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या पाठीशी जादा इंजिने लावतात, ती गाडीला ढकलत वर नेतात आणि इगतपुरीला सुटी होतात. रेल्वेच्या बोलीत या इंजिनांना ‘बँकर’ म्हणतात. पेढीशी या शब्दाचा काही संबंध नाही, हे सांगणे आवश्यक आहे, कारण माझ्या वर्गातील अर्ध्याअधिक मुलांचा समज तसाच होता.

माझे आजोबा बँकरवर चालक होते. १९९६ च्या पावसाळ्यात माझ्या काकांनी एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून व्हीएचएस कॅमेरा उसना आणला आणि भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरच्या शेवटून दुसऱ्या डब्यात बसून, खिडकीतून मागे वळून, चित्रण केले. घाटातले वळण आले की शेवटच्या डब्यापलीकडे बँकर दिसू लागतो. चित्तरंजनच्या कारखान्यात बांधलेले डब्ल्यूसीजी-२ जातीचे ते विजेचे इंजिन, त्याची खिडकी आणि खिडकीतून बाहेर आलेला एक हात. घरच्यांच्या मते तो हात आजोबांचा. आजोबा २००९ मध्ये गेले. त्यांना कामावर असताना टिपलेले दुसरे कोणतेही चित्र आमच्याकडे नाही.

ही फीत आजीला पाहायची होती आणि तिला ती पाहवत नव्हती. दोन मिनिटांत डोळे गरगरत. म्हणून तिचे स्थिरीकरण करायचे ठरले. माझा चुलतभाऊ शहापुरात लग्नांचे व्हिडिओ करतो. त्याच्याकडे गिम्बल आहे, संपादनाचे सॉफ्टवेअर आहे आणि हलत्या चित्राविषयी मनस्वी तिटकारा आहे. मी इतिहासाची विद्यार्थिनी. ‘साधनाला हात लावण्यापूर्वी त्याचे परीक्षण करावे’ हे वाक्य दोन वर्षे ऐकलेली. आमचे काही दिवस सरळ जाणार नव्हतेच.

बहिरंग परीक्षणापासून सुरुवात केली. चित्र हलते म्हणजे नेमके काय हलते? या फितीत निदान तीन वेगवेगळ्या थरथरी एकमेकींत मिसळल्या आहेत. पहिली फितीची स्वतःची. चुंबकीय फीत जुनी झाली, ताणली गेली की प्रत्येक आडवी रेघ किंचित मागेपुढे सुरू होते, आणि खांबासारख्या सरळ वस्तूंच्या कडा पाण्यातल्या प्रतिबिंबाप्रमाणे लहरतात. हा दोष कॅमेऱ्याचा नव्हे, कालाचा. त्यावर स्थिरीकरणाचा उपाय चालत नाही. फीत संगणकात उतरवतानाच रेघांची वेळ जुळवणारे टाइम बेस करेक्टर नावाचे यंत्र मध्ये बसवावे लागते. दुसरी थरथर काकांच्या हाताची. तिसरी गाडीची.

पहिली दूर करण्याबद्दल कोणाचाच आक्षेप नव्हता. वाद उरला दुसरीचा आणि तिसरीचा.

आता सॉफ्टवेअर काय करते ते थोडक्यात. प्रत्येक चौकटीत ते सहज ओळखू येतील असे ठिपके निवडते : कातळाचा कोपरा, खांबाचे टोक, खिडकीचा कोन. पुढच्या चौकटीत तेच ठिपके कुठे सरकले हे मोजते आणि त्यावरून कॅमेरा किती सरकला, किती फिरला, याचा माग काढते. सबंध फितीचा असा माग हाती आला की तो एक वेडीवाकडी रेषा होतो. ती रेषा गुळगुळीत करायची आणि प्रत्येक चौकट त्या नव्या रेषेवर येईल अशी उलट दिशेने सरकवायची, की झाले स्थिरीकरण. यातली पहिली पायरी मला विलक्षण वाटली. चित्र सुधारण्याआधी यंत्र कॅमेरा धरणाऱ्याच्या हालचालीचे टिपण तयार करते. पुढे बहुतेक जण ते टिपण फेकून देतात.

या कामात फसगतीही आहेत. आमच्या फितीच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने छापलेली तारीख आहे. ती चौकटीत कधीच हलत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरला ती सर्वांत भरवशाचा ठिपका वाटते. तिला झाकल्याशिवाय हिशेब लागत नाही. डब्याच्या खिडकीचे गजही असेच. यंत्राने गजांना धरले तर गज स्थिर होतात आणि डोंगर नाचतो. डोंगराला धरले तर गज नाचतात. म्हणजे ‘स्थिर चित्र’ अशी एकच एक गोष्ट नसते. कशाच्या संदर्भाने स्थिर, हे कोणीतरी ठरवावे लागते, आणि ते ठरवणे म्हणजे अर्थ लावणेच होय.

चित्र न हलण्याची ओढ चित्रपटाइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये वाटाण्याचे रोप उगवताना दाखवणारा छोटा चित्रपट केला, तो याच ओढीचे उदाहरण मानता येईल. दिवसांमागून दिवस थोड्याथोड्या चौकटी टिपायच्या, तर कॅमेरा आणि कुंडी यांतले अंतर केसभरही बदलून चालत नाही. फाळक्यांचा विल्यमसन कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालायचा. दांडा फिरवणारा हात तिपाईलाही हलवणारच. (१९१३ मध्ये त्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. नाशिकहून मुंबईला यायचे तर आगगाडी याच घाटातून उतरते, म्हणून हा कंस.) त्याच सुमारास काझिमिएझ प्रुशिन्स्की या पोलिश संशोधकाने ‘एरोस्कोप’ नावाचा कॅमेरा बनवला. दांडा फिरवण्याचे काम त्यात दाबलेल्या हवेकडे सोपवले होते आणि हातातले चित्र डुलू नये म्हणून आत एक फिरते चक्र, म्हणजे जायरोस्कोप, बसवला होता. पहिल्या महायुद्धात तो कॅमेरा आघाडीवर गेला. प्रुशिन्स्की स्वतः १९४५ मध्ये माउथाउझेनच्या नाझी छळछावणीत मरण पावला. आज फोनमध्ये बसलेल्या इवल्या जायरोस्कोपचा हा पूर्वज फार थोड्यांना ठाऊक आहे. १९७० च्या दशकात गॅरेट ब्राउन यांनी स्टेडिकॅम आणला. तो इतिहास बहुतेक वाचकांना माहीत असेल, म्हणून पुढे जाऊ.

मला अधिक रस आहे तो थरथर टिकवून ठेवणाऱ्या एका अभ्यासात. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, तेव्हा अब्राहम झाप्रूडर या व्यापाऱ्याने हातातल्या ८ मिलिमीटर कॅमेऱ्याने ती टिपली. ४८६ चौकटी, सुमारे २६ सेकंद. या चित्रफितीच्या स्थिर केलेल्या अनेक आवृत्त्या आज पाहायला मिळतात. परंतु नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ लुइस अल्वारेझ यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात नेमका उलटा विचार केला. मोठा आवाज झाला की माणूस नकळत दचकतो. दचकला की हात हलतो. हात हलला की चौकट अस्पष्ट होते. म्हणून अस्पष्ट चौकटी शोधल्या तर गोळ्या कधी सुटल्या याचा अंदाज बांधता येईल. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे वाद झाले. तरीही, ज्या थरथरीला इतरांनी दोष मानले तिच्यात साक्षीदाराचे शरीर नोंदले गेले आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

हा लेख वाचून मी भावाकडून ते टिपण, म्हणजे कॅमेऱ्याच्या हालचालीची आकडेवारी, मागून घेतली आणि तिचा आलेख काढला. दोन लिप्या एकमेकींवर गिरवाव्यात तसे ते दृश्य होते. एक हालचाल मंद आणि रुंद : काकांचा श्वास, खांद्याचा भार, कॅमेरा दुसऱ्या हातात घेणे. दुसरी बारीक आणि टोकदार, वर-खाली, ठरावीक अंतराने येणारी. ती रुळांच्या सांध्यांची.

येथून हिशेब करता आला. एका सलग वळणावर २० सेकंदांत असे १३ धक्के मोजले. आपल्याकडील ब्रॉडगेज रुळाची प्रमाण लांबी १३ मीटर. म्हणजे २० सेकंदांत १६९ मीटर, ताशी सुमारे ३० किलोमीटर. शंका अशी की तीन-तीन रूळ जोडून ३९ मीटरचे तुकडेही वापरात असतात. तसे धरले तर वेग ताशी ९१ किलोमीटर निघतो, आणि त्या चढावर, त्या वळणावर, मागून ढकलल्या जाणाऱ्या पॅसेंजरला तो शक्य नाही. तेव्हा पहिलाच हिशेब खरा. घाटातील गाडीचा वेग कोणत्याही कागदाशिवाय, केवळ काकांच्या मनगटातून वाचता आला. विजेच्या खांबांची संख्या मोजून पडताळाही घेतला. तो या हिशेबाला धरूनच निघाला.

दरम्यान भावाने आपली आवृत्ती पूर्ण करून आजीच्या टीव्हीवर लावली होती. चित्र तुपासारखे सरकत होते. आजीने शांतपणे पाहिले, एकदाही डोळे मिटले नाहीत, आणि संपल्यावर विचारले, “अरे, आपली खोली कुठे गेली?”

फितीच्या आरंभी, गाडी कसाऱ्यातून हलताना, डाव्या कडेला तीन सेकंद रेल्वे क्वार्टर्सची रांग दिसते. तिच्या टोकाची खोली आमची. आजीने तिथे एकोणीस वर्षे संसार केला. चौकटी इकडेतिकडे सरकवल्या की कडांना काळ्या फटी पडतात. त्या दिसू नयेत म्हणून सॉफ्टवेअर चित्र थोडे मोठे करते आणि कडा कापते. खोली त्या कापलेल्या पट्टीत गेली होती. आम्ही सगळे मधल्या इंजिनाकडे पाहत होतो, आणि आजी कडेकडे पाहत होती.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ते काम १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादनात स्थिरावलेल्या त्या पद्धतीचा मोठेपणा मला नेहमी पानाच्या खालच्या भागात दिसतो. वर निवडलेला पाठ, खाली नाकारलेले सगळे पाठभेद. संपादकाने निवड केली, पण नाकारलेले जाळले नाही. मी भावाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “ताई, महाभारत राहू दे, नेमकं काय करू ते सांग.” मी म्हटले, कापू नकोस. काळ्या कडा राहू दे.

ती दुसरी आवृत्ती विलक्षण झाली आहे. डोंगर, खांब, क्वार्टर्स जागच्या जागी उभे राहतात आणि काळ्या पडद्यावर चौकटच हिंदकळते, झुकते, सावरते. काकांचा हात दिसत नाही, तरी तो सतत दिसतो. आजीला हीच आवडली. गरगरण्याचे कारण जग हलणे हे होते. चौकट हलली तर तिला चालते. खोलीच्या दारातला तिचा हंडा तिने ओळखला.

राहिला तो हात. बँकरच्या खिडकीला धरून चित्र स्थिर केले तेव्हा हात प्रथमच नीट पाहता आला : कोपरापासून पुढचा, दोनदा हलवलेला, मग खिडकीच्या कडेवर टेकलेला. त्यामागे चेहरा असायला हवा, तिथे करडा डाग आहे. टिपतानाच पुसट झालेली रेषा स्थिरीकरणाने धारदार होत नाही, ते केवळ तिला एका जागी आणून ठेवते. भावाने मग एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपला तो डाग दिला आणि क्षणात तिथे चेहरा आला. मिशी, भुवया, डोळ्यांत चमक. आजी टीव्हीजवळ गेली, पाहिले आणि म्हणाली, “हे कोण गृहस्थ?” ती आवृत्ती आम्ही ठेवलेली नाही.

मनगटावर मात्र काहीतरी चकाकते. सलग नऊ चौकटींत, त्याच जागी, त्यामुळे तो फितीचा डाग नव्हे. हात उजवा आहे. आजोबा घड्याळ उजव्या हातात घालत. त्यांच्या लग्नाच्या छायाचित्रातही ते तसेच आहे. अर्थात उजव्या हातात घड्याळ घालणारे ते कसाऱ्यातले एकटेच चालक असतील, असे म्हणता येणार नाही.

मूळ फितीची जशीच्या तशी उतरवलेली प्रत, काळ्या कडांची प्रत आणि हालचालीच्या आकड्यांचे टिपण, अशा तीन गोष्टी एकत्र ठेवल्या आहेत. त्यांच्या नोंदीत मी लिहिले आहे : ‘कसारा–इगतपुरी, १९९६, पावसाळा. वेग ताशी सुमारे ३० कि.मी., सांध्यांवरून. बँकरच्या खिडकीतील व्यक्ती : पत्नीच्या सांगण्यावरून ओळख. चेहरा दिसत नाही.’