पिशव्या कोण सांभाळणार?

घरात पाच माणसे असली आणि सहलीसाठी दोन ठिकाणे सुचली, की त्या घरात सहा पक्ष निर्माण होतात, असा माझा अनुभव आहे. सहावा पक्ष कर्त्या पुरुषाच्या पोटात दडलेला असतो. तो सभेत निःपक्षपाती अध्यक्ष म्हणून बसतो, दोन्ही बाजूंना मान डोलावतो, आणि मनातल्या मनात आपले मत केव्हाच देऊन मोकळा झालेला असतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या परभणीच्या घरात असेच पक्ष पडले. एरवी आमच्याकडे सुटीचा प्रश्न फारसा अवघड नसे. मुलांचे आजोळ, माझ्या बहिणीचे गाव, आणि फारच उत्साह आला तर औंढा नागनाथ किंवा परळी वैजनाथ. एवढ्यात आमचा भूगोल संपत असे. पण मुले मोठी होऊ लागली की त्यांना देव आणि मामा दोन्ही जुने वाटू लागतात. या खेपेला दोघांनी एकमुखाने सांगितले, की आम्हाला थीम पार्कला जायचे आहे.

मी मराठीचा प्राध्यापक. परका शब्द कानावर पडला, की त्याला प्रतिशब्द शोधण्याची खोड काही जात नाही. मी म्हटले, "त्याला आपण 'कल्पनोद्यान' म्हणू या." नववीतले चिरंजीव गंभीरपणे म्हणाले, "बाबा, तिथं गेल्यावर तुम्ही कुणाला रस्ता विचारू नका. मी विचारीन."

एकमत झाले ते एवढ्यावरच. चिरंजीवांना खोपोलीजवळचे इमॅजिका हवे होते, तर चौथीतल्या कन्येला हैदराबादची रामोजी फिल्म सिटी. गंमत अशी, की दोन्हीकडे जायला आमच्या स्टेशनावर गाडी एकच, देवगिरी एक्सप्रेस. सकाळी ती हैदराबादच्या बाजूला जाते आणि रात्री मुंबईच्या बाजूला. मराठवाड्याच्या माणसाला ही ओढाताण नवी नाही. १९५६ पर्यंत आमची राजधानी हैदराबाद होती. पुढे ती मुंबई झाली. माझ्या आजोबांची कामे हैदराबादला अडकत, माझी मुंबईला अडकतात. अडकण्यात मात्र काही फरक पडलेला नाही.

वाद मिटवण्याचा एकच मार्ग प्राध्यापकाला ठाऊक असतो, आणि तो म्हणजे गुण देणे. मी एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर दोन रकाने आखले आणि दोन्ही पक्षांना आपापली बाजू मांडायला सांगितले.

पहिले भाषण चिरंजीवांचे झाले. इमॅजिका २०१३ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत सुरू झाले. तिथे 'नायट्रो' नावाचे रोलर कोस्टर आहे. त्याची उंची सुमारे १३० फूट. बसल्यावर पायाखाली फळी नसते, पाय अधांतरी लोंबत राहतात, आणि वाटेत माणूस पाच वेळा उलटा होतो.

"पैसे देऊन?" सौ.ने विचारले.

"पाच वेळा!" चिरंजीव अभिमानाने म्हणाले.

शिवाय तिथे 'राजासॉरस'च्या नावाची होडीतली सफर आहे. हा राजासॉरस कुणाच्या डोक्यातून निघालेला नाही. त्याची हाडे गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात सापडली आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिले, अशी पुरवणीही त्यांनी जोडली. हा मुद्दा मला आवडला. शिक्षणाचे पाच गुण मी तिथल्या तिथे देऊन टाकले.

मग कन्या उठली. रामोजी राव यांनी ही चित्रनगरी १९९६ साली उभारली. तिचा पसारा १,६६६ एकरांचा आहे, आणि जगातील सर्वांत मोठा चित्रपट-स्टुडिओ म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. तिथे बसमधून फिरवतात, आणि 'बाहुबली'चा राजवाडासुद्धा पाहायला मिळतो. "तिथं सगळं खोटं असतं, पण खरं दिसतं," असा तिने भाषणाचा समारोप केला. साहित्यशास्त्राचे जे प्रकरण मी वर्गात तीन आठवडे शिकवतो, ते तिने एका वाक्यात संपवले होते. तिलाही पाच गुण देणे भाग पडले.

पुढे मौज, प्रवास, खर्च, जेवण अशी कलमे पाडली. खोपोलीला जायचे तर पहाटे कल्याणला उतरून लोकल धरायची. फिल्म सिटीला जायचे तर सारे हैदराबाद ओलांडून विजयवाड्याच्या रस्त्याला लागायचे. दोन्हीकडे मुक्काम अटळ, दोन्हीकडे पाय दुखणे अटळ. बेरीज केली तेव्हा इमॅजिकाला ६२ गुण पडले आणि रामोजीला ५७.

आता सहाव्या पक्षाची कबुली देऊन टाकतो. मौजेच्या कलमात मी इमॅजिकाला सढळ हाताने गुण दिले होते, आणि त्याचे कारण जुने होते. १९८९ साली मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले तेव्हा मी शाळकरी पोर होतो. दूरदर्शनवर त्याची जाहिरात लागली, की हातातले काम टाकून मी धावत येत असे. परभणीहून मुंबई तेव्हा लांब होती, आणि वडिलांच्या पगारातून तर ती फारच लांब होती. पुढे मला नोकरी लागली, हाती पैसा आला. पण तेव्हा वाटले, आता आपण काय लहान आहोत? २०२२ साली ते बंदच झाले. राहून गेले ते गेले. तेव्हा मुलाला खोपोलीला न्यायचे हे निमित्त होते. त्या उंच रुळांवर मलाच एकदा बसायचे होते. मुलांच्या नावावर आपल्या इच्छा पुऱ्या करून घेणे, हा बापांचा जुना धंदा आहे.

मी निकाल वाचून दाखवणार, तोच आई भाजणीचे हात पदराला पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"कुठंही ठरवा बाबा," ती म्हणाली. "माझं काय, मी बसेन पिशव्यांपाशी."

आणि ती पुन्हा आत गेली. कोणी काही बोलले नाही, कारण त्यात बोलण्यासारखे कोणाला काही वाटलेच नाही. ते वाक्य आमच्या घरात इतके जुने आहे, की भिंतीवरच्या घड्याळासारखे ते कोणाला ऐकूच येत नाही. मला मात्र त्या दिवशी ते ऐकू आले. मी हातातल्या कागदाकडे पाहिले. मौज, प्रवास, खर्च, जेवण. बहात्तर वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या, रोज रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माझ्या आईचे कलम त्यात कुठेच नव्हते. आमच्या सर्वांच्या लेखी तिची जागा ठरलेलीच होती, पिशव्यांपाशी.

ती जागा मी लहानपणापासून पाहत आलो आहे. परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दर वर्षी २ फेब्रुवारीला सुरू होतो. सगळ्या जातिधर्मांची माणसे त्याला लोटतात. आमचे थीम पार्क ते हेच. भजी, जिलबी, रेवड्या, मौत का कुआँ आणि मधोमध उंच रहाटपाळणा. वडील आम्हा तिघा भावंडांना घेऊन पाळण्यात बसत. आई खाली उभी असे. एका हातात पिशव्या, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली आणि पायाशी आमच्या चपलांचा ढीग. "तू चल की," असे आम्ही म्हटले, की तिचे उत्तर ठरलेले असे, "नको रे बाबा, मला चक्कर येते." आम्हाला ते पटे. मुलांना आईविषयी काहीही चटकन पटते.

थीम पार्क या प्रकाराचा जन्मच मुळी अशा एका बाकावर झाला, हे कुठेतरी वाचलेले मला त्या रात्री आठवले. अमेरिकेत वॉल्ट डिस्ने सुटीच्या दिवशी आपल्या दोन मुलींना लॉस एंजल्सच्या ग्रिफिथ पार्कमध्ये नेत असे. मुली चक्रीपाळण्यात बसत, आणि हा बाकावर शेंगदाणे खात त्यांची वाट पाहत बसे. तिथे त्याच्या मनात आले, की आईबापांना आणि मुलांना मिळून मौज करता येईल अशी एखादी जागा का असू नये? त्या कंटाळ्यातून १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. म्हणजे पाळणे आधीपासून होतेच. डिस्नेला उठवायचे होते ते बाकावरच्या माणसाला. पुढे जगभर अशी उद्याने झाली, पाळणे उंच उंच गेले, आणि बाक मात्र रिकामे झाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी फेरतपासणी जाहीर केली. कागदावर एक नवे कलम घातले, 'पिशव्या कोण सांभाळणार?' आणि त्याला वीस गुण ठेवले.

चिरंजीवांनी ताबडतोब हरकत घेतली. इमॅजिकात पिशव्यांसाठी लॉकर मिळतात, हे त्यांनी निदर्शनास आणले. मुद्दा खरा होता. पण विचार करता माझ्या ध्यानात आले, की लॉकरने पिशव्यांची सोय होते, पिशव्या सांभाळणाऱ्या माणसाची होत नाही. ती बाकावर होती तिथेच राहते; फक्त आता तिच्याजवळ सांभाळायलाही काही उरत नाही. तिथे बसून पाहण्याचे खेळ नाहीत असे नव्हे. पण ज्या १३० फुटांसाठी आम्ही एवढा प्रवास करणार होतो, तिथे उंचीची अट होती, आणि हृदयविकार, रक्तदाब, पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी बसू नये अशी सूचना होती. म्हणजे एकीकडे आजी, दुसरीकडे नात, आणि दोघींना सोबत म्हणून सौ. पाचांपैकी तिघी खाली राहणार होत्या. नायट्रो वाईट नव्हते. ते आम्हा बापलेकांचे होते, एवढेच.

रामोजीला नव्या कलमात वीसपैकी सतरा गुण मिळाले, आणि देवगिरी आम्ही सकाळची धरली.

चिरंजीव दोन दिवस माझ्याशी तुटकपणे बोलत होते. त्यांचा राग खोटा नव्हता. फिल्म सिटीत पोटात गोळा उठवणारे फारसे काही नाही, आणि हनुवटीला हात लावून ते बसमध्ये बसले होते, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. पण आई खिडकीशी बसली होती. बागा, राजवाडे, परदेशी धाटणीचे रस्ते खिडकीतून सरकत होते आणि ती प्रत्येकाची चौकशी करीत होती. बस एका रेल्वे स्टेशनाच्या देखाव्यापाशी आली.

"इथं गाडी येत नाही का गं?" तिने नातीला विचारले.

"नाही आजी, हे खोटं स्टेशन आहे."

"मग बरंय," आई म्हणाली. "उशीर तरी होणार नाही."

शेजारच्या बाकावरचे अनोळखी कुटुंबसुद्धा हसले. हनुवटीवरचा हातही तेवढ्यापुरता खाली आला. दुपारी आईचे गुडघे बोलू लागले, तेव्हा ती तासभर सावलीत बसली. पण आम्ही पाळीपाळीने तिच्याजवळ बसलो, आणि पिशव्या दिवसभर चौघांच्या खांद्यांवर वाटलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी चारमिनारजवळच्या लाडबाजारात तिने बांगड्या घेतल्या. तिचे वडील हैदराबादेहून तशाच आणीत असत.

परतीच्या गाडीत मी सहज म्हटले, "पुढच्या खेपेला खोपोलीला जाऊ. पण तिथं फार गरगर फिरवतात. तुला तर चक्कर येते."

आई बांगड्या मोजत होती. मान वर न करता म्हणाली, "मला कुठं चक्कर येते?"

"उरुसात तूच म्हणायचीस."

"म्हणायचे," ती म्हणाली. "तुमचे बाबा वर तुमच्याजवळ. खाली चपला, पिशव्या. कुणीतरी खाली पाहिजे होतं ना? मग काय सांगणार तुम्हाला?"

ती पुन्हा पहिल्यापासून बांगड्या मोजू लागली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

यंदा फेब्रुवारीत आम्ही उरुसाला गेलो. रहाटपाळण्याजवळ आल्यावर चिरंजीव मला काही न विचारता खिडकीवर गेले आणि दोन तिकिटे घेऊन आले. एक स्वतःचे, एक आजीचे. सौ. कन्येला घेऊन मागच्या पाळण्यात बसली. मी खाली राहिलो. हातात दोन पिशव्या, काखेत पाण्याची बाटली, पायाशी चपलांचे चार जोड.

त्या जागेवरून पाळणा मी प्रथमच पाहत होतो. वाटले होते, खाली उभे राहणे म्हणजे मौजेतून वगळले जाणे. पण तसे नसते. आपला पाळणा वर गेला, की मान आपोआप वर जाते. तो पलीकडून उतरू लागला, की जीव खाली येतो. समोरून जाताना आपल्या माणसाचा चेहरा क्षणभर दिसतो, आणि मग पुढच्या फेरीची वाट पाहायची. मी फेऱ्या मोजत होतो. पहिल्या फेरीला आईने दांडी घट्ट धरली होती. तिसरीला एक हात सुटला होता. पाचवीला ती नातवाला बोटाने लांबचे काहीतरी दाखवीत होती. एवढी वर्षे खाली उभी राहून ती काय पाहत असेल, ते मला त्या पाच फेऱ्यांत थोडेसे कळले.

पाळणा थांबला. आई हळूच उतरली, पदर सावरला, चपला पायांत सरकवल्या.

"परभणी केवढी वाढली रे!" ती म्हणाली.

"बाबा, आता तुम्ही बसा," चिरंजीव म्हणाले. "मी थांबतो पिशव्यांपाशी."

"नको रे," मी म्हटले. "मला चक्कर येते."

आईने एकदा माझ्याकडे पाहिले. मग काही न बोलता माझ्या हातातल्या दोन पिशव्यांपैकी एक तिने आपल्याकडे घेतली.