तिसरी पिन

आंदर मावळांतील लोकांस विजेचें काय अप्रूप, असें बाहेरच्यांस वाटतें. ठोकळवाडीच्या धरणाचें पाणी घाटाखालीं भिवपुरीस उतरतें व तेथील विद्युत्गृहांत सन १९२२ पासून त्याची वीज होते. टाकवे बुद्रुक गांवीं राहणाऱ्यास ती घरचीच वाटली तर नवल काय? परंतु घरची वाटणारी वस्तु ओळखीची असतेच असें नाहीं, हें आम्हांस आजीच्या पंख्यानें शिकविलें.

आमचें टाकव्याचें घर जुनें, कौलारू. माजघराच्या तुळईस पंखा टांगलेला असून त्याची वायर छतालगतच्या नळींतून थेट बटणापर्यंत गेलेली होती. मावळचा पाऊस सुरू झाला कीं कौलांतून ओल उतरे, ती नळींत शिरे आणि फ्यूज जाई. आजी म्हणे, "पोरा, पंखा नसला तरी चालंल, पण दिवा तरी राहूं दे." शेवटीं आम्हीं ठरविलें कीं, छताची वाट कायमची बंद करावी व पंख्यास तीन पिनांचा प्लग लावून भिंतीवरील सॉकेटमधून वीज द्यावी.

काम सोपें दिसलें. मेन स्विच बंद करून टेस्टरनें खात्री केली. जुनी वायर दोन्हीं टोकांस सोडविली. तीन तारांची नवी वायर तुळईवरून व भिंतीवरून क्लिपांनीं घट्ट बसवून खालीं आणिली. पंख्याचा भार हुकावरच राहील, वायरीवर कणभरही येणार नाहीं, हें पाहिलें. पिवळ्या पट्ट्याची हिरवी तार मोठ्या पिनेस, तपकिरी व निळी आपापल्या पिनांस जोडली. साधा पंखा पाऊणशें वॅटचा. त्यास अर्धा अँपिअरही लागत नाहीं, तेव्हां सॉकेटवर भार पडण्याचें भय नव्हतें. बटण दाबतांच पंखा फिरूं लागला. रेग्युलेटर मात्र जुन्या वाटेवरच राहिल्यामुळें तो पूर्ण वेगानें फिरे. आजी पदर आवळून म्हणाली, "वारा झ्याक हाय, पण निजायचं कसं?" तेवढ्याकरितां आम्हीं गांवांतील मिस्त्रींस बोलाविलें.

मिस्त्रींनीं आमच्या जोडणीस नांव ठेविलें नाहीं. पण सॉकेट उघडून आम्हांस जवळ बोलाविलें. मोठ्या पिनेच्या भोकामागें तारच नव्हती! शिवाय तारांची अदलाबदल होऊन बटण न्यूट्रलवर आलें होतें. म्हणजे पंखा थांबला तरी आंतील वेटोळ्यांत वीज राहणारच.

"ह्या पंख्याला हात कोण लावतं?" त्यांनीं विचारिलें.

आम्हांस घाम फुटला. दर शनिवारीं पलंगावर उभें राहून ओल्या फडक्यानें पंख्याचीं पातीं पुसण्याचा आजीचा नेम होता. आणि तो दिवस शुक्रवार होता.

मोठी पिन लांब कां असते, हें आम्ही शाळेंत शिकलों होतों: वीज येण्यापूर्वीं जमिनीशीं संबंध जुळावा म्हणून. परीक्षेंत त्याचे गुणही मिळाले होते. पण पिन भोकांत बसली म्हणजे तो संबंध जुळलाच, असें आम्ही धरून चाललों होतों.

दुसऱ्या दिवशीं मिस्त्रींनीं परसांत लोखंडी नळी पुरून, भोवतीं कोळसा व मीठ घालून अर्थिंग केलें. उलट्या तारा सुलट केल्या. ३० मिलिअँपिअरची गळती होतांच वीज तोडणारें उपकरण मेनजवळ बसविलें. प्लग व पंखा ह्यांच्यामध्यें रेग्युलेटरची लहान पेटीही आली.

आजीनें शनिवारचें पुसणें रविवारीं केलें, तेंही आम्ही प्लग काढून हातांत धरून उभे राहिल्यावर. पंख्यास प्लग लावण्याचा खरा लाभ हाच कीं, वीज तुटली आहे हें डोळ्यांनीं दिसतें.

विद्यार्थिमित्रहो, भोक दिसलें म्हणून त्यामागें तार असेलच असें समजूं नका. आधीं जाणत्याकडून तें उघडवून पाहा. मग बटण दाबा.